विश्वाला कडा आहे का, की ते संपतच नाही?

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो, कारण त्यात एक नाही, तीन प्रश्न गुंतलेत. तुम्ही म्हणताय की विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे, प्रकाशापेक्षा जोरात काही जात नाही, मग विश्व १३८० कोटी प्रकाशवर्षांवर संपायला हवं. पण एका व्हिडिओत व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षं सांगितला, दुसऱ्यानं विश्व अनंत आहे म्हणून ठोकून दिलं, आणि दोघंही वर म्हणतात की हे सगळं एका बिंदूतून सुरू झालं. मग कडा आहे का, असेल तर पलीकडे काय, आणि नसेल तर बिंदूएवढी गोष्ट अनंत झाली कधी?

घाईत असाल तर एवढंच घ्या: कडा असल्याची एकही खूण आजवर सापडलेली नाही आणि आमच्या गणिताला तिची गरजही पडत नाही. अनंत आहे की नाही हे मात्र माहीत नाही, खूप खूप मोठं आहे एवढंच नक्की. ९३०० कोटी हा आकडा खरा आहे पण तो विश्वाचा नाही, आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाचा आहे. आता सावकाश.

मी कॉस्मॉलॉजीत, म्हणजे एकूण विश्वाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, काम करतो. म्हणजे रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसणं नाही हो, ते लोकांना वाटतं. आकाशाचे नकाशे आणि गॅलेक्सींच्या याद्या कॉम्प्युटरवर घेऊन त्यातनं आकडे काढायचे, आणि कॉम्प्युटरमध्येच खोटी विश्वं चालवून ते आकडे जुळतात का बघायचं, हे काम. त्यामुळे माझं उत्तर मोजता काय येतं याच्या अंगानं जाईल, तत्त्वज्ञानाच्या अंगानं नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गर्दी लोटते, तिथे ४५ मीटरच्या डिशखाली उभी राहून शाळेतली पोरं हाच प्रश्न विचारतात आणि त्यांचाही गोंधळ नेमका तुमच्यासारखाच असतो: दिसायचं कुठे थांबतं, जागा कुठे थांबते, आणि एकूण जागा किती आहे, हे तिन्ही एकच धरलेलं असतं. ते वेगळे केले की अर्धं काम होतं.

आधी दिसण्याची हद्द. आपल्यापर्यंत पोचलेला सगळ्यात जुना प्रकाश म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, पुढे सीएमबी म्हणतो. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना तो सुटला. त्याआधी सगळीकडे तापलेला प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-केंद्रकांचा वायू, होता, त्यातून प्रकाश सरळ जाऊच शकत नव्हता, आणि तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरल्यावर अणू बनले आणि वाट मोकळी झाली. १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या हॉर्न अँटेनावर पेन्झियास आणि विल्सन यांना जी जाईना ती खरखर सापडल्याचं जाहीर झालं ती हीच, आज तिचं तापमान २.७२५ केल्विन आहे.

आता गंमत बघा. हा प्रकाश ज्या पदार्थातून निघाला तो पदार्थ, प्रकाश निघाला त्या वेळी, आपल्या जागेपासून फक्त ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होता. तरीही इथे यायला त्याला जवळपास १३८० कोटी वर्षं लागली. कारण तो इकडे येत होता आणि मधली जागाच ताणली जात होती. आणि तोच पदार्थ, ज्याच्या एव्हाना गॅलेक्सी झाल्या असतील, आज आपल्यापासून साडेचार हजार कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे. प्रवासाचा वेळ १३८० कोटी वर्षं, सुरुवातीचं अंतर ४ कोटी, आजचं अंतर साडेचार हजार कोटी, हे तिन्ही आकडे एकाच प्रकाशाचे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. वय गुणिले प्रकाशाचा वेग हा हिशोब जागा स्थिर असती तर चालला असता, म्हणून तुमचा १३८० चा आकडा बसत नाही. अगदी सुरुवातीपासूनचा हिशोब धरला तर ही हद्द सगळ्या दिशांना सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षं येते, दुप्पट केली की झाले तुमच्या व्हिडिओतले ९३००. जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात २०२४ मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही गॅलेक्सी घ्या, तिचा प्रकाश विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं असताना निघाला आणि ती आज जवळपास ३४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

ही हद्द म्हणजे कोकणात किनाऱ्यावर उभं राहिल्यावर दिसणाऱ्या क्षितिजासारखी. पाण्याजवळ उभ्या माणसाला क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आतच असतं, पण तिथे समुद्र संपत नाही हे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं, आणि तिथल्या होडीतल्या माणसाचं क्षितिज वेगळं असतं. आपल्या त्या हद्दीवर आज जर कोणी बसलेलं असेल तर त्याला आपल्या दिशेला गॅलेक्सी नाहीत, तोच जुना तापलेला प्लाझ्मा दिसत असेल आणि आपणच त्याच्या हद्दीवर असू. पृथ्वीचं हे उदाहरण मी पुढेही वापरणार आहे, कारण तुमच्या उरलेल्या दोन प्रश्नांनाही तेच कामाला येतं.

एक फरक आहे. समुद्रावर दीपस्तंभावर चढलं की लांबचं दिसतं, इथे चढायला काही नाही, फक्त थांबायचं. जसजसा वेळ जाईल तसतसा आणखी लांबून निघालेला प्रकाश पोचेल. पण १९९८ मध्ये सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, मोजणाऱ्या दोन टीमना दिसलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाहीये, वेग घेतंय, त्याच्या मागे जे काही आहे त्याला डार्क एनर्जी म्हणतात, आणि त्यामुळे नुसतं थांबूनही सगळं दिसणार नाहीये. आजचा हिशोब धरला तर आज सुमारे ६२०० कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या गोष्टींपर्यंतचाच प्रकाश कधी ना कधी पोचेल, त्यापलीकडचा कधीच नाही. आणि आत्ता या क्षणी निघालेला प्रकाश म्हणाल तर तो साधारण १६५० कोटी प्रकाशवर्षांच्या आतनं निघाला असेल तरच येईल. म्हणजे आज जे विश्व दिसतं त्याच्या आकारमानातला ४-५ टक्के भागच असा उरलाय जिथे आपला एखादा सिग्नल आज निघून कधीतरी पोचू शकेल, बाकीचा दिसतो पण हाताबाहेर गेलाय. डार्क एनर्जी काळानुसार बदलत असेल, आणि गॅलेक्सींची अंतरं मोजणाऱ्या डेसी सर्व्हेच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत तसे इशारे आहेत, तर हे भविष्यातले आकडे बदलतील. ४६५० चा फारसा बदलणार नाही.

आता कडा. म्हणजे अशी जागा की जिच्या अलीकडे गॅलेक्सी आहेत आणि पलीकडे काहीच नाही, किंवा पलीकडे जागाच नाही. हा वाद जुना आहे. ग्रीक लोकांत आर्किटास नावाचा होता, तो म्हणायचा की मी कडेवर उभा राहून हातातली काठी पुढे केली तर ती जाईल की नाही? गेली तर ती कडा नाही, आणि अडली तर अडवणारं काहीतरी पलीकडे आहे. युक्तिवाद झकास आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की कडा नसेल तर जागा अनंतच असणार. तसं असायची गरज नाही. कोकणातनं पश्चिमेला निघा आणि सरळ जात रहा, म्हणजे मध्ये आफ्रिका वगैरे येईल ते सोडून द्या, कधीही कडा लागणार नाही, आणि शेवटी तुम्ही पूर्वेकडून परत याल. पृथ्वीचा पृष्ठभाग मर्यादित आहे, त्याचं क्षेत्रफळ मोजता येतं, पण त्याला काठ नाही. तीन मितींच्या जागेलाही असं असता येतं, फक्त डोळ्यासमोर आणता येत नाही, मलाही येत नाही, गणितात येतं. १९१७ मध्ये आइन्स्टाइननी विश्वाचं पहिलं मॉडेल मांडलं ते असंच होतं. अनंतावर काय अटी लिहायच्या हे समीकरणांत जमेना, म्हणून त्यांनी अनंतच काढून टाकलं, जागा स्वतःवर वळवून घेतली, मर्यादित पण बिनकडेची. त्यांचं ते विश्व स्थिर होतं आणि ते पुढे टिकलं नाही, फ्रीडमननी १९२२ मध्ये आणि लमेत्रनी १९२७ मध्ये प्रसरणाची गणितं दिली, १९२९ मध्ये हबलनी मोजमाप दिलं, पण बिनकडेचं मर्यादित विश्व ही कल्पना आजही चालू आहे.

कडा खरंच असती तर काय दिसलं असतं? हे मी सिम्युलेशनच्या अनुभवावरून सांगतो. आम्ही एक मोठा चौकोनी बॉक्स घेतो, त्यात लाखो-करोडो कण टाकतो आणि गुरुत्वाकर्षणाखाली त्यांच्या गॅलेक्सी, क्लस्टर, जाळं कसं बनतं ते चालवतो. २००५ च्या गाजलेल्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये २१६० च्या घनाइतके, म्हणजे हजार कोटींहून थोडे जास्त कण होते. आता बॉक्सच्या बाहेर रिकामं ठेवलं तर भिंतीजवळच्या कणांना आतल्या बाजूनंच ओढ बसते, बाहेरून ओढणारं कोणी नसतं, तिथली रचना वाकडी होते आणि जसजसा वेळ जातो तसतसा हा बिघाड आत सरकत येतो. म्हणून कोणी तसं करत नाही. सगळे जण उजव्या भिंतीतनं बाहेर गेलेला कण डाव्या भिंतीतनं आत आणतात, वरचा खालून, पुढचा मागून. थोडक्यात आमच्या कॉम्प्युटरमधलं प्रत्येक विश्व मर्यादित असतं आणि कुठल्याच विश्वाला कडा नसते. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच बोलायचंय.

खऱ्या आकाशात तसा एकतर्फीपणा दिसत नाही. आपण स्वतः सेकंदाला ३७० किलोमीटरच्या वेगानं चाललोय, त्यामुळे सीएमबी एका दिशेला किंचित गरम आणि उलट दिशेला किंचित थंड दिसतो, तो भाग वजा केला की उरलेले चढउतार लाखात एक भाग इतके बारीक आहेत आणि सगळ्या दिशांना सारख्याच तऱ्हेचे आहेत. गॅलेक्सींचंही तसंच. जवळून बघाल तर गुठळ्याच गुठळ्या, २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या लोकांना सापडलेला सरस्वती हा गॅलेक्सींचा महासमूहच घ्या, ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि ६० कोटींहून जास्त प्रकाशवर्षं पसरलाय, पण अशा सगळ्या गुठळ्या पोटात घेतील इतके मोठे तुकडे पाडून मोजलं की सरासरी सगळीकडे सारखी येत जाते, कुठे विरळ होत होत संपतंय असं दिसत नाही. एक गोष्ट कबूल करायला हवी: कडा आपल्या क्षितिजाच्या खूप पलीकडे असेल तर हे सगळं मोजून काही कळणार नाही, कारण गुरुत्वाकर्षणसुद्धा प्रकाशाच्याच वेगानं पोचतं, त्या कडेची ओढ अजून इथवर आलेलीच नाही. म्हणजे कडा नाही हे सिद्ध झालंय असं नाही. पण एकही खूण नसताना आणि समीकरणांना नको असताना ती मानायची कशासाठी? मी मानत नाही, आणि सोबत काम करणाऱ्यांपैकी कोणी मानताना पाहिलं नाही.

आता तिसरा आणि खरा अवघड भाग, मर्यादित की अनंत. इथे परत पृथ्वीवर या. शाळेत शिकवतात की त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीवर ते तसं नाही. उत्तर ध्रुवावरनं निघा, विषुववृत्तापर्यंत या, तिथनं पाव पृथ्वी आडवं जा आणि परत ध्रुवावर, या त्रिकोणाचे तिन्ही कोन ९०, बेरीज २७०. पण पुणे, सातारा आणि महाबळेश्वर असा त्रिकोण घेतलात तर बेरीज साधारण १८०.००२ अंश येईल. नेहमीच्या उपकरणानं मोजाल तर सपाटच म्हणाल. जुन्या काळी भारताचा मोठा त्रिकोणमितीय सर्व्हे झाला तेव्हा सर्व्हेवाल्यांना हा फरक प्रत्येक मोठ्या त्रिकोणात धरावा लागायचा, कारण त्यांची उपकरणं तितकी चांगली होती. तेव्हा बाहेर अवकाशात न जाता, जमिनीवर राहूनच जमीन वळलेली आहे का हे कळू शकतं, अट एवढीच की त्रिकोण पुरेसा मोठा आणि मोजमाप पुरेसं बारीक हवं.

विश्वासाठी आम्ही हेच करतो, त्रिकोण मात्र सगळ्यात मोठा घेतो. त्या जुन्या प्लाझ्मात दाबाच्या लाटा धावत होत्या, ३ लाख ८० हजार वर्षांत त्या किती लांब जाऊ शकतात हे भौतिकशास्त्रातनं नीट काढता येतं, आजच्या मापात ते साधारण ४८ कोटी प्रकाशवर्षं आहे. हीच आमची पट्टी: तिची लांबी माहीत, ती आपल्यापासून किती दूर आहे ते माहीत, मग ती आकाशात किती कोनात दिसते ते मोजायचं. जागा गोळ्यासारखी वळलेली असेल तर सीएमबीवरचे गरम-थंड ठिपके मोठे दिसतील, उलटी वळलेली असेल तर लहान, सपाट असेल तर १ अंशाच्या आसपास. १९९८ च्या शेवटी अंटार्क्टिकावर बूमरँग नावाचा प्रयोग बलूनला बांधून उडवला, २००० साली निकाल आला, ठिपके १ अंशाच्या जवळपास निघाले. मग सीएमबीचा नकाशा काढणारा नासाचा डब्ल्यूमॅप उपग्रह, मग युरोपचा प्लांक. प्लांकचा २०१८ चा निकाल आणि गॅलेक्सींचे सर्व्हे मिळून वक्रतेचा, म्हणजे जागा किती वळलेली आहे त्याचा, आकडा शून्य आणि चूक अधिक-उणे ०.००२ च्या आसपास येते. फक्त प्लांकचाच डेटा घेतला तर तो बंद विश्वाकडे थोडा झुकतो, २०१९ मध्ये त्यावर एक पेपर आला आणि बरीच भांडणं झाली, पण दुसरा डेटा जोडला की तो झुकाव जातो आणि बहुतेकांनी, मीही, तो फार मनावर घेतलेला नाही.

इथे व्हिडिओवाले एक उडी मारतात: सपाट निघालं, म्हणजे अनंत. नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं कारण मोजमापाच्या चुकीचं. शून्य अधिक-उणे काहीतरी म्हणजे शून्य नव्हे. पुणे-सातारा-महाबळेश्वरवाल्याला जमीन सपाट दिसली म्हणून पृथ्वी सपाट होत नाही, पृथ्वी त्याच्या त्रिकोणापेक्षा खूप मोठी आहे एवढंच त्यानं दाखवलं. आजच्या आकड्यांत विश्व गोळ्यासारखं बंद असायला भरपूर वाव आहे, फक्त त्या वळणाची त्रिज्या ढोबळमानानं २० हजार कोटी प्रकाशवर्षं किंवा जास्त हवी. तसं असेल तर एकूण विश्व आपल्याला दिसणाऱ्या भागाच्या निदान काहीशे पट भरतं. आणि यातली मेख अशी की हा खेळ एकतर्फी आहे. उद्या वक्रता शून्यापेक्षा जास्त आहे असं पक्कं निघालं तर विश्व मर्यादित आहे असं म्हणायला जोरदार पुरावा मिळेल. पण शून्यच निघत राहिली तर चूक कितीही कमी केली तरी तळाची मर्यादा फक्त वर सरकत राहते, अनंतापर्यंत कधीच पोचत नाही. मर्यादित असल्याचा शोध लागू शकतो, अनंत असल्याचा लागू शकत नाही. ‘विश्व अनंत आहे हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असं कोणी म्हणालं की तो विषय इथेच संपतो, ते शक्यच नाही.

दुसरं कारण माझ्या बॉक्सचं. तो बॉक्स आतनं अगदी सपाट असतो, कुठलाही त्रिकोण काढा, १८० अंश. तरी तो मर्यादित आहे, कारण उजवीकडनं गेलेलं डावीकडनं येतं. याला टोपोलॉजी म्हणतात, आणि आइन्स्टाइनची समीकरणं वक्रता सांगतात, टोपोलॉजीबद्दल गप्प बसतात. खरं विश्वही असं असू शकतं का? हे तपासता येतं, आणि मला हा सगळा भाग आमच्या विषयातला सगळ्यात मजेदार वाटतो. समजा विश्व सीएमबीच्या गोलापेक्षा लहान आहे. मग तो गोल स्वतःलाच छेदेल, छेद वर्तुळाकार येईल, आणि तेच वर्तुळ आपल्याला दोन वेगवेगळ्या दिशांना दिसेल, त्यावरचे गरम-थंड ठिपके दोन्हीकडे त्याच क्रमानं. म्हणजे नकाशा घ्यायचा आणि जुळणारी वर्तुळं शोधायची. २००३ मध्ये डब्ल्यूमॅपच्या पहिल्या नकाशात सगळ्यात मोठ्या कोनांवरचे चढउतार अपेक्षेपेक्षा कमी निघाले, आणि लहान विश्वात त्याच्यापेक्षा लांब लाट मावतच नाही म्हणून ल्युमिने आणि मंडळींनी विश्व बारा पंचकोनी तोंडांच्या आकृतीसारखं असेल असा प्रस्ताव मांडला. २००४ मध्ये कॉर्निश, स्पर्गेल, स्टार्कमन आणि कोमात्सु यांनी समोरासमोरची वर्तुळं शोधली, काही सापडलं नाही, आणि त्यावरून विश्व स्वतःवर परत येत असलंच तर ७८०० कोटी प्रकाशवर्षांपेक्षा कमी अंतरात येत नाही असा निष्कर्ष निघाला. पुढच्या नकाशांनी हा आकडा आणखी वर ढकलला. मग विषय थंड पडला होता. पण २०२४ मध्ये एका गटानं दाखवलं की गुंतागुंतीच्या बऱ्याच टोपोलॉजी या शोधातनं सुटतात, वर्तुळं न दिसताही सीएमबीत बारीक खुणा राहू शकतात आणि त्या नीट शोधलेल्याच नाहीत. तेव्हा हा दरवाजा बंद झालेला नाही.

आणि त्या कमी निघालेल्या मोठ्या चढउतारांचं काय? ते प्लांकमध्येही आहेत. अडचण अशी की सगळ्यात मोठ्या कोनाचा तो एक आकडा काढायला आकाशात फक्त पाच स्वतंत्र मोजमापं मिळतात, आकाश एकच आहे, दुसरं मागवता येत नाही. पाच फाशांत दान कमी पडलं म्हणून फासे खोटे म्हणायचे का? मी म्हणणार नाही.

बिंदूचं राहिलं. जे आज दिसतं तो ४६५० कोटी प्रकाशवर्षांचा गोल सीएमबी सुटला तेव्हा साधारण ४ कोटींच्या त्रिज्येत होता, त्याआधी आणखी लहान, आणि मागे मागे जात राहिलं तर इवलासा होतो. व्हिडिओत बिंदू म्हणतात तो हा, आपला दिसणारा भाग. एकूण विश्व आज अनंत असेल तर तेव्हाही अनंतच होतं, फक्त प्रचंड दाट, कारण अनंताचं प्रत्येक अंतर हजार पटींनी कमी केलं तरी ते अनंतच राहतं. मर्यादित असेल तर तेव्हाही मर्यादित होतं. बिंदूपासून अनंतापर्यंत कोणी प्रवास केलेला नाही. आणि महास्फोट कुठेतरी मध्ये होऊन गोष्टी रिकाम्या जागेत उडाल्या नाहीत, तो सगळीकडे झाला, म्हणून सीएमबी सगळ्या दिशांनी येतो. ‘कशात पसरतंय’ याचंही उत्तर यातच आहे: दोन लांबच्या गॅलेक्सींमधलं अंतर वाढतंय एवढंच घडतंय, त्यासाठी बाहेर मोकळी जागा लागत नाही.

पुण्यात बसून हे लिहितोय म्हणून एक जोड देतो. जयंत नारळीकर, आयुकाचे संस्थापक संचालक, २०२५ च्या मे महिन्यात गेले, त्यांनी आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी आयुष्यभर महास्फोटाच्या मॉडेलला विरोध केला. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांच्या १९४८ च्या स्थिर-स्थिती सिद्धांतात विश्व जागेतही अनंत आणि काळातही, सुरुवातच नाही. सीएमबी सापडल्यावर बहुतेकांनी तो सोडला, नारळीकर आणि हॉइल यांनी १९९३ मध्ये बर्बिज यांच्यासोबत त्याचं सुधारलेलं रूप मांडलं. आकडे त्यांच्या बाजूनं गेले नाहीत असं माझं मत आहे. पण सगळे जे गृहीत धरतात त्याला पुरावा मागायचा, ही सवय त्यांच्यामुळे पुण्यातल्या कित्येकांना लागली.

मग मी रोजच्या कामात काय धरतो? सपाट, बिनकडेचं, आणि गणिताच्या सोयीसाठी अनंत. कारण क्षितिजाच्या आतल्या कुठल्याही आकड्याला पलीकडे हजारपट आहे की अनंत याचा फरक पडत नाही. तुम्हाला मात्र फरक पडू शकतो, प्रश्न कशासाठी विचारताय त्यावर आहे. अनंत विश्वात तुमच्यासारखाच हुबेहूब माणूस कुठेतरी असणार वगैरे जे ऐकवतात ते खरोखरच्या अनंतावर आणि बाकी बऱ्याच गृहीतकांवर उभं आहे, मी त्यात वेळ घालवत नाही.

पुढे काय कळू शकतं ते सांगून थांबतो. युक्लिड उपग्रह २०२३ पासून वर आहे, डेसी चालू आहे, आणि दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली एसकेए ही रेडिओ दुर्बीण, जिच्यात भारत सामील आहे, हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींवरून लांबचं विश्व मोजायला बघेल. जीएमआरटीवर अशीच लहर २०२३ मध्ये जाहीर झाली, ८८० कोटी वर्षांपूर्वी सुटलेली, मधल्या एका गॅलेक्सीनं भिंगासारखी मोठी करून दिली म्हणून सापडली, आणि इथे पोचेपर्यंत ताणून ४८ सेंटिमीटरची झाली होती. या सगळ्यातनं वक्रतेवरची ०.००२ ची चूक कमी होत जाईल, पण अमर्याद नाही. दहा हजारात एक भाग, म्हणजे ०.०००१ च्या खाली गेलं की मोजलेली वक्रता एकूण विश्वाची की आपल्याच भागातल्या दाट-विरळपणाची हे वेगळं काढता येत नाही, डेटा कितीही आणा. म्हणजे अजून साधारण वीसेक पट सुधारायला जागा आहे. तेवढ्यात वक्रता निघाली तर निघाली, नाहीतर मर्यादित की अनंत हा प्रश्न या वाटेनं तरी सुटणारा नाही.